शंभराच्या नोटेत आपला वाटा किती?

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, सप्टेंबर २०२५ मध्ये झालेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



आज सकाळपासून अहवाल वाचन झालं, ताळेबंद मांडला गेला, थकबाकीवर थोडी वादावादीही झाली. ती झालीच पाहिजे. ज्या सभेत हिशोबावरून आवाज चढत नाही, त्या सभेचा हिशोब कुणी वाचलेलाच नसतो. आता मला जो विषय दिलाय तो ऐकून काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. "सरकारी अनुदान, रोजगार आणि लष्करावरचा खर्च." बचत गटाच्या सभेत रणगाड्यांचं काय काम, असं तुमच्या मनात आलं असेल.

काम आहे. गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना दोन वाक्यं सारखी कानावर आली. एक, "सरकारकडे तोफांना पैसा आहे, आमच्या मजुरीला मात्र नसतो." दुसरं वाक्य बहुतेक घरातल्या पुरुषांचं किंवा पारावरच्या मंडळींचं असतं, "तुमच्या पंधराशेपायी सरकार बुडायला आलंय." दोन्ही वाक्यं ऐकायला खणखणीत आहेत. पण आपण हिशोब लिहिणाऱ्या बाया आहोत. कुणी तोंडी सांगितलं म्हणून आपण कर्ज मंजूर करत नाही, आधी वही उघडतो. तर आज देशाची वही उघडून बघू.

केंद्र सरकारचा २०२५-२६ या वर्षाचा खर्च आहे सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये. एवढा आकडा कुणाच्याच डोक्यात बसत नाही. म्हणून आपण त्याची शंभराची एक नोट करू.

या शंभर रुपयांतले २५ रुपये व्याजातच जातात. म्हणजे पूर्वी काढलेल्या कर्जाचं नुसतं व्याज, मुद्दल वेगळंच. संरक्षणावर जातात साधारण साडेतेरा रुपये. रेशनच्या धान्याच्या अनुदानाला ४ रुपये. खतांच्या अनुदानाला ३ रुपये ३० पैसे. रोजगार हमीला, म्हणजे मनरेगाला, १ रुपया ७० पैसे. आणि ज्या अभियानातून आपले गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ उभे राहिले, त्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला, आपल्या 'उमेद'च्या मूळ झऱ्याला, ३८ पैसे. बाकीच्यात रेल्वे, रस्ते, घरकुल, आरोग्य, शिक्षण, पगार असं सगळं येतं.

साडेतेरा रुपये आणि ३८ पैसे. हे ऐकून हळहळायचं असेल तर हळहळा, पण लगेच टाळ्या वाजवू नका. कारण साडेतेरा रुपये जातात कुठे हे अजून बघायचं आहे. दुसऱ्याच्या वहीतल्या आकड्यावर आपण तपशील न बघता बोट ठेवत नाही.

आपण आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करू. नगर हे लष्कराचं गाव आहे. रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून इथे आहे. मेकनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था इथे आहे. भिंगारच्या छावणीभोवती कितीतरी घरांची चूल पेटते. कुणी शिंपी, कुणी दूधवाला, कुणी कंत्राटी कामगार. आणि गावोगावचे आपले लेक, भाऊ, नवरे फौजेत आहेत. त्यामुळे "लष्करावर खर्च कशाला" असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही आणि रेटूही नये. यंदा मे महिन्यात सीमेवर गोळीबार सुरू होता तेव्हा ज्या घरांत रात्रभर टीव्ही आणि मोबाईल बंद झाला नाही, त्या घरातल्या बाया आज इथे बसल्या आहेत. शेतात पीक उभं असेल तर राखण लागते. राखण्याला भाकरीही द्यावी लागते.

पण राखणीचाही हिशोब असतो. संरक्षणाच्या साडेतेरा रुपयांपैकी ६ रुपयांहून थोडे जास्त जातात फौजेच्या पगारात आणि रोजच्या खर्चात. ३ रुपयांच्या वर जातात निवृत्त सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या पेन्शनला. साडेतीन रुपये जातात नव्या तोफा, विमानं, जहाजं, वाहनं घ्यायला. उरलेलं किरकोळ. म्हणजे मोठा भाग माणसांच्या घरात जातो. आपल्या जिल्ह्यात ती पेन्शन किती उपयोगी पडते याचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे. अण्णा हजारे फौजेत ट्रक चालवत होते. १९७५ साली ते राळेगणसिद्धीला परत आले आणि आपल्या फौजेतल्या पैशांतून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार करून त्यांनी गावाच्या कामाला हात घातला. पुढे नाला बंडिंग, पाझर तलाव झाले. फौजेचा पगार गावात आला की त्यातून काय होऊ शकतं ते तिथे दिसलं.

आता आईच्या काळजाचा प्रश्न. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं तुम्ही बघता. त्यांच्यासाठी जून २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. भरती चार वर्षांची. चार वर्षांनी शंभरातले पंचवीस कायम होणार, पंचाहत्तर घरी येणार. येताना सेवा निधी म्हणून साधारण ११ लाख ७१ हजार रुपये मिळणार, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतील. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरची, शिस्तीची, धडधाकट पोरं हातात अकरा लाख घेऊन गावात परत येतील. त्या पैशाचं काय होणार? जेसीबीचा हप्ता, लग्न, गाडी? की एखादा धंदा? हा प्रश्न त्या पोराचा एकट्याचा नाही, त्या घराचा आहे. आणि घरात हिशोब कळणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपल्या गटाची सदस्य असते. ज्यांच्या घरात अग्निवीर आहे त्यांनी आत्तापासून याचा विचार मांडावा, पैसे खात्यावर पडल्यावर नाही.

लष्करी खर्चाची एक मर्यादाही समजून घ्या. पैसा तेवढाच लावला तरी त्यातून हाताला काम किती मिळतं हे प्रत्येक क्षेत्रात वेगळं असतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०११ साली त्यांच्या देशापुरता हिशोब केला. तेवढीच रक्कम लष्कराऐवजी शिक्षणावर खर्च केली तर दुपटीहून जास्त लोकांना काम मिळतं असं त्यांना दिसलं. कारण साधं आहे. शाळेच्या खर्चात माणसं जास्त, यंत्रं कमी. विमानाच्या खर्चात यंत्र जास्त, माणसं कमी. आणि ते विमान परदेशातून घेतलं तर माणसांचं कामही परदेशातच. म्हणून आता सरकारने या वर्षीच्या नव्या लष्करी खरेदीच्या पैशातला ७५ टक्के भाग देशातल्या उद्योगांसाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे शिर्डीजवळच्या औद्योगिक वसाहतीतही संरक्षण साहित्याचं काम येतंय. चांगली गोष्ट आहे. पण असे उद्योग यावेत म्हणून सरकार जीएसटीचा परतावा, वीजशुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात सूट देतं. तेही अनुदानच आहे, फक्त त्याला कुणी 'फुकट' म्हणत नाही. मग आपण विचारायला नको का, की या सवलतीच्या बदल्यात आमच्या तालुक्यातल्या किती मुली आयटीआय करून त्या यंत्रावर उभ्या राहणार?

राखणीच्या खर्चाची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याला नवी नाही. खारे कर्जुने गावावरून ज्याला केके रेंज म्हणतात तो तोफांच्या सरावाचा मुलूख. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतल्या तिथल्या गावांनी वर्षानुवर्षं गोळ्यांचे आवाज ऐकलेत आणि जमीन जाणार की राहणार या टांगत्या तलवारीखाली दिवस काढलेत. त्या पट्ट्यातल्या काही कुटुंबांची जमीन आधी मुळा धरणात गेली, काहींची कृषी विद्यापीठात. देशासाठी सराव लागतो हे खरं. पण एकाच घराने देशासाठी तीनदा उठायचं का, हा प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. आणि इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. जमिनीचा मोबदला येवो, पीक विमा येवो, ठिबकचं अनुदान येवो, पैसा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातो. नवऱ्याने आपल्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं यासाठी लक्ष्मी मुक्तीचा शासन निर्णय १९९२ सालीच झालेला आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? हात वर करा बघू. ... मोजायला वेळ लागला नाही, बघा.

आता जरा शेजारी डोकावू. घरात भांडण असलं तरी शेजारणीच्या संसारातून शिकायला काय हरकत आहे?

पाकिस्तानने जून २०२५ मध्ये आपलं अंदाजपत्रक मांडलं. देश परकीय कर्जावर उभा. एकूण खर्च त्यांनी साधारण ७ टक्क्यांनी कमी केला. पण संरक्षणाचा खर्च सुमारे २० टक्क्यांनी वाढवला. घरात सगळ्यांच्या ताटातली भाकरी कमी करून कुंपणाची उंची वाढवली. आपल्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं. ती अशा वेळी आठवते.

श्रीलंकेचं बघा. तिथलं यादवी युद्ध २००९ साली संपलं, पण फौज तेवढीच मोठी राहिली. २०२२ मध्ये पेट्रोलला, गॅसला, औषधाला पैसे उरले नाहीत, बाया रॉकेलच्या रांगेत रात्री काढू लागल्या. मग जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या सरकारने जाहीर केलं की २ लाखांची फौज कमी करत २०३० पर्यंत १ लाखावर आणायची. त्याच श्रीलंकेने अनुदानाच्या बाबतीतही एक धडा शिकवला. २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. हेतू सेंद्रिय शेतीचा होता. पण शेतकऱ्याला तयारीला वेळच दिला नाही. भाताचं पीक पडलं, काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या अनुदानावर लोक वर्षानुवर्षं उभे आहेत ते एका रात्रीत काढता येत नाही. म्हातारीच्या हातातली काठी काढायची तर आधी भिंतीचा आधार दाखवावा लागतो.

आणि कोस्टारिका नावाचा एक छोटा देश आहे. त्याने १९४८ साली फौजच बंद केली आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला. आपल्या सीमा बघता आपल्याला ते जमणार नाही. पण एवढं कळतं की संरक्षणाचा खर्च ही काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. तो माणसं ठरवतात. आणि माणसं ठरवतात त्या गोष्टीबद्दल माणसांना विचारता येतं.

आता अनुदानाकडे येऊ. अनुदान म्हटलं की सगळ्यांना लाडकी बहीण आठवते. पण तुमच्या घरात आणखी किती अनुदानं येतात ते मोजा. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे, फरक सरकार खत कंपनीला देतं. रेशनचं धान्य अनुदानाचं. उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदानाचे. आपल्या जिल्ह्याचं वैभव म्हणजे साखर. प्रवरेला लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला सरकारी भागभांडवलाची जोड होती. त्या पैशातून कारखाना आला, मागून रस्ते, शाळा, कॉलेजं आली. म्हणजे अनुदान हा शब्द लाजेचा नाही. ज्यांनी ते घेऊन पिढ्या उभ्या केल्या त्यांनी आपल्याला पंधराशेवरून टोमणे मारू नयेत.

पण सगळी अनुदानं सारखी नसतात. खताच्या अनुदानाचं बघा. ज्याची जमीन जास्त, त्याच्या गोण्या जास्त, त्याला फायदा जास्त. ज्या बाईला जमीनच नाही, जी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, तिच्या वाट्याला काहीच नाही. शिवाय युरिया स्वस्त म्हणून हात सैल सुटतो आणि जमीन बिघडते. म्हणून कुठल्याही अनुदानाला मी तीन प्रश्न विचारते. ते कुणाच्या खात्यात जातं? ते संपल्यावर मागे काय उरतं? आणि ते मला मागता येतं की दिलं तर घ्यायचं?

लाडकी बहीणचं या तीन प्रश्नांवर बघू. पैसे थेट बाईच्या खात्यात येतात. हा मोठाच फरक आहे. कितीतरी जणींचं स्वतःच्या नावाचं खातं पहिल्यांदा चाललं, औषधाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. त्याला मी कमी लेखणार नाही. मागे काय उरतं हे मात्र आपल्यावर आहे. दहा जणींच्या गटात महिन्याला १५,००० रुपये येतात. घरखर्च भागवून प्रत्येकीने ३०० रुपये बचतीत वाढवले तर वर्षाला ३६,००० रुपयांचं गटाचं भांडवल वाढतं. ते अंतर्गत कर्जात फिरतं आणि योजना उद्या असो वा नसो, ते आपलं असतं. आता तिसरा प्रश्न. ही योजना जून २०२४ च्या शासन निर्णयाने आली. शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने बदलते. निकष बदलले, नावं गळाली, तर कुठल्या कायद्याखाली भांडायचं? या वर्षी राज्याने तिच्यासाठी ३६,००० कोटींची तरतूद केलीय. आणि सगळ्या देशाच्या रोजगार हमीला केंद्राची तरतूद आहे ८६,००० कोटी. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. कारण रोजगार हमी दिलं तर घ्यायची नसते, ती मागायची असते.

ही मागायची गोष्ट जन्मली आपल्याच राज्यात. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. गावातल्या माणसाला काम मागण्याचा हक्क असला पाहिजे ही कल्पना त्यांची. सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या तासगाव तालुक्यात आधी तिचा प्रयोग झाला. मग आला बहात्तरचा दुष्काळ. तुमच्या सासवांना, आज्यांना विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलावाची माती. नगर जिल्ह्याने तो दुष्काळ अंगावर घेतला. राज्यात दुष्काळी कामांवरची माणसं सुमारे ५० लाखांवर गेली होती आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यातून १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला आणि सरकारने त्यात आपली भर घातली. मुंबई-पुण्यातल्या पगारातून गावच्या दुष्काळाला कामाची मजुरी. हीच कल्पना पुढे दिल्लीला गेली, २००५ साली देशाचा कायदा झाला आणि २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात देशातले जे २०० जिल्हे घेतले त्यात आपला जिल्हा होता.

या कामातून मागे काय उरतं हे बघायला लांब जायला नको. हिवरे बाजार नगर तालुक्यातच आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने खंगलेलं होतं. त्यांनी रोजगार हमीच्या पैशातून बांधबंदिस्ती, समतल चर, झाडं अशी कामं घेतली, पुढे आदर्श गाव योजनेतून त्यांना जोड मिळाली. पण निव्वळ पैशाने गाव उभं राहिलं नाही. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, असे नियम ग्रामसभेने केले आणि पाळले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. हमीच्या पैशातून खोदलेला चर पाणी अडवतो, पण ते पाणी टिकवायला ग्रामसभा लागते.

आता आकड्यांत बोलू. मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी या वर्षी ३१२ रुपये रोज आहे. शंभर दिवस काम मिळालं तर ३१,२०० रुपये. लाडकी बहीणचे वर्षाचे होतात १८,०००. दोन्ही एकाच घरात येऊ शकतात, एकाने दुसरं थांबत नाही. पुरुषाला आणि बाईला मजुरी सारखी. काम गावापासून पाच किलोमीटरच्या पुढे असेल तर दहा टक्के जादा. सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक. मजुरी पंधरा दिवसांत. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. आणि कुटुंबाचे शंभर दिवस संपले तरी आपल्या राज्याचा कायदा पुढची हमी देतो.

मग तुम्ही म्हणाल, ताई, कागदावर सगळं छान आहे, पण आमच्या गावात कामच निघत नाही. निघालं तर यंत्राने होतं, मजुरी तीन महिन्यांनी येते. खरं आहे. अनेक गावांत हेच आहे. पण काम न निघण्याचं एक कारण असं आहे की मागणीची नोंदच नसते. तोंडी मागितलेलं काम सरकारी वहीत चढत नाही. 'नमुना ४' भरायचा आणि 'नमुना ५' ची तारखेसह पोच घ्यायची. ती पोच हातात असेल तरच बेकारी भत्त्याचं बोलता येतं. एकटी बाई ग्रामपंचायतीत गेली तर "उद्या या" ऐकून परत येते. तीस बाया गेल्या तर कपाटातला फॉर्म सापडतो.

यावरून मी तुमच्यापुढे ठेवते ती कामं ऐका. सचिव ताईंनी लिहून घ्यावीत.

पहिलं काम २ ऑक्टोबरच्या आधीचं. पुढच्या वर्षाच्या मनरेगा कामांचं नियोजन ग्रामसभेत ठरतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. प्रत्येक ग्रामसंघाने महिला सभेत आपल्या गावची पाच कामं सुचवावीत. बांधबंदिस्ती, शेततळं, फळबाग, गोठा, शेळ्यांचा निवारा, जे गावाला लागतं ते. आणि ते ठराव म्हणून लिहूनच उठावं. सही करायच्या आधी वही वाचावी.

दुसरं, प्रत्येक गटाने ज्यांना काम हवंय त्यांचे नमुना ४ एकाच दिवशी भरावेत. पोच ग्रामसंघाच्या फायलीत लावावी.

तिसरं, अनुदानाच्या मागे धावताना धंदा आधी, अनुदान मागून. पीएमईजीपी किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे ५ टक्के लागतात. म्हणजे २ लाखांच्या शेवयांच्या आणि पापडाच्या यंत्रांना ७०,००० अनुदान, १०,००० आपले, बाकी १,२०,००० बँकेचे आणि ते फेडायचेच आहेत. पीएमईजीपीत हे अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं. धंदा मधेच बंद पडला तर ते हातात येत नाही. म्हणून "अनुदान आहे म्हणून यंत्र घे" असं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. आपल्या पापडाला आधी बाजार आहे का ते बघा. कमी रकमेत भागत असेल तर गटाचं ३ लाखांपर्यंतचं ७ टक्क्यांचं कर्ज आहेच. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी ४०,००० पर्यंत बीज भांडवलही आहे.

चौथं काम जरा मोठं आहे, म्हणून महासंघाने करायचं आहे. मघाचे साडेतेरा रुपये आठवा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आपल्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. संरक्षण खातंही त्यात येतं. हे स्वतः बनवणाऱ्यांसाठी आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्यांसाठी नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे. मग सरकारच्या जेम पोर्टलवर नाव लावता येतं, तिथे महिला उद्योगांसाठी २०१९ पासून वेगळा विभाग आहे. उद्याच नगरच्या छावणीला आपले मसाले जातील असं स्वप्न मी विकत नाही. मापात, वेळेत, एकसारख्या दर्जाचा माल द्यावा लागेल आणि बिलाला थांबावंही लागेल. पण शिवणकाम, कापडी पिशव्या, मसाले यांचे जे गट आज आठवडे बाजारात बसतात, त्यांच्यातले चार-पाच तरी महासंघाने तयार करावेत. आपण नेहमी ३८ पैशांकडेच बघत बसतो. साडेतेरा रुपयांच्या दारावर अजून थाप मारून बघितलेली नाही.

पाचवं, निवडणुकीत किंवा एरवीही गावात पुढारी आले की पंधराशेचे एकवीसशे कधी, एवढंच विचारू नका. विचारा, "रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांत का येत नाही? आमच्या तालुक्यात येणाऱ्या कारखान्याला सूट किती आणि आमच्या मुलींना नोकऱ्या किती? चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरासाठी जिल्ह्यात काय तयारी आहे?" हे प्रश्न कुठल्याही पक्षाला विचारता येतात. उत्तर न देणाऱ्याला ते टोचतील, तेवढं चालेल.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. त्यांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. यंदा तीनशे वर्षं झाली. त्याही राज्य चालवत होत्या. फौज त्यांनीही ठेवली, कारण काळच तसा होता. पण घाट, विहिरी, देवळं बांधली ती खासगीच्या पैशातून. आणि महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांच्या हाताला काम दिलं. त्या मागावरची महेश्वरी साडी आजही विकली जाते. राखण, दानधर्म आणि रोजगार, तिन्ही त्यांच्या वहीत होतं आणि प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. खासगीचा पैसा दौलतीत आणि दौलतीचा खासगीत मिसळला नाही.

आपणही तेवढंच मागतोय. फौज नको असं आपण म्हणत नाही, अनुदान बंद करा असंही म्हणत नाही. वही उघडी ठेवा, आम्हाला वाचता येते, एवढंच आपलं म्हणणं आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभेत भेटू. येताना नमुना ४ भरूनच या.

जय जिजाऊ, जय सावित्री, जय अहिल्या.